संपतचा डिजिटल मीटर

तुम्ही हसाल, पण मी एका मीटरवर दोन महिने जळत होतो. आमच्या बांधाशेजारच्या संपतनं ट्रॅक्टरला डिझेलचा डिजिटल मीटर बसवला. निळे आकडे, एकदम नव्या मोटारीसारखे. आमच्या राहू गावात जो भेटंल त्याला दाखवायचा. एक दिवस आमची ही पण म्हणाली, "संपतभावजींचा ट्रॅक्टर कसा झ्याक दिसतोय."

झालं. दुसऱ्याच दिवशी शिरूरहून तसलाच मीटर आणला आन् जुना काट्याचा काढून स्वतःच बसवला. चालू केला तर टाकी फुल्ल. म्हटलं, थोरल्या भावानं डिझेल भरलेलं दिसतंय. उसाची ट्रॉली जोडून पाटसच्या साखर कारखान्याला निघालो. निम्म्या वाटेत ट्रॅक्टर बंद. मीटर म्हणतोय फुल्ल, आन् टाकीत थेंब न्हाई.

मागून नेमका संपतच आला. मीटर बघून शांतपणे म्हणाला, "टाकीतला फ्लोट, म्हंजी डिझेलवर तरंगतो तो गोळा, जुना आन् मीटर नवा. दोघांचं माप जुळत न्हाई. डिझेल संपंल तसा हा वर चढतो. माझाबी तसाच हाय."

"मग तू डिझेल कसं बघतोस?"

त्यानं सीटखालनं बांबूची काडी काढली. "ही टाकीत बुडवून."

"मला सांगितलं का न्हाईस?"

"तू विचारलंस कवा? नुसता लांबून बघायचास."

त्यानं आपल्या कॅनमधलं डिझेल माझ्या टाकीत ओतलं आन् काडी घालून मोजलं. खरं सांगू? त्या काडीवर त्यानं लिटरच्या खुणा इतक्या सुबक पाडल्या होत्या, की मी परत जळलो.