गोदावरीचं रक्त

—हो, मीच गोदावरी. आधारवरचा फोटो कोणाचा नीट येतो, तुम्हीच सांगा. बसा ना क्षिप्राताई, अलिबागहून काशीदपर्यंत स्कूटरवर आलात, हाडं खिळखिळी झाली असतील. पंखा लावू? मी उपाशीच आहे हो, चहासुद्धा घेतला नाही — विम्याच्या रक्ताला चहा चालत नाही, एजंटने बजावलंय. घ्या, हा हात घ्या. दंडाला पट्टा बांधताय का? बांधा, घट्ट बांधा. साखर? छे, साखर कसली मला. बीपी नाही. पायाला जखम? ही बघा, दोन्ही पावलं बघा, आहे काही? नवरा वारला. नाव भागोजी, लिहिलंय ना तिथे. मूल नाही. भावाकडे असते. घरात दुसरं कोण? भावजय आहे — ती आत्ता नाही. पुरुषमाणूस कोणी नाही, हे होडीवर गेलेत ना, त्यात सकाळपासून असा वारा सुटलाय, माझं कशात लक्ष —

काय झालं? सुई का ठेवलीत खाली?

नाही, ‘हे’ म्हणजे — भाऊ. भावालाच म्हटलं मी. गळ्याकडे काय बघताय? उन्हाने होतो असा फिका पट्टा. ... नाही होत. उन्हाने नाही होत, तुम्हीही बाईमाणूस आहात. मंगळसूत्र आत तांदळाच्या डब्यात आहे. नवरा दर्यात आणि मी गळा मोकळा करून, कपाळ पुसून बसलेय — आमच्या सासूबाई असत्या तर उंबऱ्याच्या आत घेतलं नसतं मला. मी सुचिता. गोदूची वहिनी. ओरडू नका हो, हळू बोला, ती मागच्या पडवीत वाल सोलत बसलीय. तिला सांगितलंय, रक्त घ्यायला माणूस दुपारी येणार म्हणून.

का म्हणजे काय? मी काय करायला हवं होतं? विमा काढायला निघालो तर एजंट म्हणतो, एका पॉलिसीत नवरा, बायको, मुलं, आईबाप. नणंद बसत नाही. म्हटलं, अरे, आमच्याच चुलीवर जेवते, माझी आरोही तिच्या मांडीवर वाढली, मी लॉजवर खोल्या झाडायला जायचे तेव्हा पोरीचं ताप-दुखणं हिनेच काढलं — ती कुटुंब नाही तर कोण कुटुंब? तो हसला. म्हणाला, काकी, कंपनीचं कुटुंब वेगळं. तिची एकटीची स्वतंत्र काढा, पण वयामुळे रक्त तपासतील, आणि साखर निघाली की देवाचं नाव घ्या. आणि साखर आहे ना तिला! सरकारी योजनेचं, फुकट उपचाराचं कार्ड? गेलो होतो, त्याला रेशनकार्डावर नाव लागतं. तिचं नाव अजून म्हसळ्याला, सासरच्या रेशनकार्डावर. दीर ते कार्ड डोळ्यांनी बघू देत नाही. नाव कमी करून इकडे आणा म्हणाले, तर आमचे हेच आडवे आले — नाव काढलं की गोदूचा तिथल्या घरावरचा हक्क गेला, बहिणीला मी बेघर करू काय? म्हणून राहिलं तसंच.

काय म्हणता? रेशनकार्डाचा नि घराच्या हक्काचा काही संबंध नाही? खरंच? काहीच नाही? ... आणि आम्ही एवढी वर्षं ते नाव देवासारखं जपलं.

बरं, ते जाऊ दे, आत्ताचं बोला. माझं रक्त तिच्या नावावर गेलं तर तुमचं काय जातं? मी कोणाला सांगणार नाही, आईशप्पथ. — म्हणजे? ती दवाखान्यात पडल्यावर तिथे साखर सापडणारच? आणि मग कंपनी म्हणणार, तुम्ही खोटं सांगितलंत, पैसे नाही? हप्ते भरूनही नाही? ... आणि खरं सांगितलं तर? देतात? साखरवाल्यालाही? हप्ता जास्त, नि साखरेच्या दुखण्याला काही वर्षं थांबायचं — किंवा नाहीही देणार. हां. एजंट हे बोलला नाही. की बोलला, नि मी फक्त ‘नाही देणार’ एवढंच ऐकलं, कोण जाणे.

पण थांबायला वेळ कुठेय हो? मनुबाई, आमच्या वाडीतली, तिचा पाय घोट्यापासून काढला. सुरुवात अंगठ्याच्या फोडापासून झाली. आणि गोदूच्या अंगठ्याला — तुम्हाला उगाच नाही मघाशी माझी पावलं दाखवली. तिचा काळा पडलाय. दुखत नाही म्हणते. हसते वर. — दुखत नाही हेच वाईट? असं नका ना बोलू. आजच? आजच्या आज दाखवायचा? विमा राहू दे बाजूला, आधी सिव्हिलला? कार्ड नसलं तरी बघतात तिथे? पण ती येणार नाही ताई, तिला वाटतं भावाच्या डोक्यावर भार, तिला हे काही कळता कामा —

गोदू.

कधीपासून उभी आहेस दारात? ... अगं, काही नाही, ह्या ताई अशाच — हसू नकोस. हसू नकोस म्हटलं ना! बस इथे, ह्या खुर्चीत. पाय वर घे, त्यांना अंगठा बघू दे. घ्या हो, आता हिचंच रक्त घ्या. निघेल ती साखर निघू दे, असेल तेवढी लिहा. मग रिक्षा बघते मी अलिबागची. आत्ता जरा बाहेर उभी राहते.

सुई बघवत नाही मला. कधीच नाही बघवली.