संदर्भासाठी तीन गिऱ्हाइकं

नगरपालिकेत पाणीपट्टीच्या रांगेत उभा होतो. शेजारच्या बाकावर मयताची जेवणं करून देणारी देसांका आणि तिची नणंद वुकित्सा बसल्या होत्या. बालवाडीला जेवण पुरवण्यात रस असल्याचं आजच लेखी कळवायचं होतं. अर्ज भरायचं पेन वुकित्साच्या हातात होतं.

"वहिनी, खिडकी बंद व्हायला आली. अनुभव काय लिहू?"

"लिही, लग्न होऊन आल्यापासून रांधतेय."

"कुठं रांधलं, ते विचारलंय."

"मयताला म्हणून लिहू नकोस बाई. पोरांच्या आया घाबरतील."

"मग संदर्भासाठी तीन गिऱ्हाइकांची नावं सांग."

"कुणाची सांगू? ज्यांच्या नावानं जेवण घातलं ते मातीत, आणि घालणारी पोरं जर्मनीत."

"खिडकीतला रादिशा आहे की! त्याच्या आईच्या जेवणात कोबीच्या पानात खिमा गुंडाळलेला सार्मा दोनदा मागून घेतला होता."

"आणि तिसऱ्यांदा वाढायला गेले तर ताटावर डोकं टेकून रडला. त्याला नको आठवण करून देऊस."

"मग काय, चूल विझवायची? गावात आता मरायलासुद्धा माणसं उरली नाहीत."

"हळू बोल! शेवटी काय विचारलंय?"

"या कामात रस का आहे?"

"लिही, एकदा तरी असं जेवण करायचंय, जिथं कुणी रडत नाही."

"पालकाची भाजी वाढली की पोरं रडतात, वहिनी."

"रडू देत गं. दुसऱ्या दिवशी परत जेवायला येतील ना!"