गिरजाबाईच्या ताटातला पाला

मंडळी, एक सांगा. माणूस मरतं कशानं? भुकेनं? — अहो, भूक निदान हात तरी पसरते! मग लाजेनं मरतं का? उगाच माना डोलवू नका, आधी ऐका!

बार्शीत एका डाळमिलमध्ये गिरजाबाई डाळ निवडायला जायची. नवरा हमाल, पाठ धरली म्हणून घरी बसलेला. एकटीच्या मजुरीवर घर! पण बाई हिकमती. डाळ भरडताना जो चुरा पडतो ना, कळणा, तो मिलवाला स्वस्तात द्यायचा. गिरजाबाई तो ज्वारीच्या पिठात मिसळून भाकऱ्या थापायची. दारात शेवगा — शेंगा विकायच्या, पाल्याची भाजी करायची. कधी हुलग्याच्या पिठाचं पातळ माडगं. एकुलती लेक शालन याच अन्नावर वाढली, ठणठणीत! आणि आपल्याकडे? पोरांच्या हातात बिस्किटाचा पुडा आणि आपण दवाखान्याच्या रांगेत. हसताय काय? तुमचंच सांगतोय!

तर शालन पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली. नर्सबाईंनी तपासलं. म्हणाल्या, रक्त जरा कमी आहे, गोळ्या घे, डाळ आणि पालेभाजी सोडू नकोस. गिरजाबाई हरखली. तिच्या घरात दुसरं शिजत होतं काय?

आणि एका दुपारी विहीणबाई आल्या — शालनची सासू, पारूबाई! ठेवणीतलं लुगडं, पदर सावरत. विहीण कशी दिसते ते बघायला गल्लीतल्या बायका दारात जमल्या. शालन जेवत होती. पारूबाईंनी ताटात डोकावलं.

"अगं बाई, गुरांचा पाला घालता होय पोरीला?"

बायका फिदीफिदी हसल्या. गिरजाबाईला धरणी दुभंगावी असं झालं. स्वतःचं तिला काही नव्हतं हो! पण हे बोलणं इथं थांबायचं नाही, लेकीला सासरी जन्मभर ऐकावं लागेल, या धास्तीनं तिला झोप येईना.

दुसऱ्या दिवसापासून चूल बदलली. पांढराशुभ्र भात, वर तूप. सकाळी शिरा, दुपारी चहा-खारी. सगळी मजुरी त्यातच जाई, डाळीला काही उरत नसे. भातावर वरणाचं नुसतं पाणी! गोळ्यांनी मळमळतं म्हणून शालननं त्या टाकल्या, तर आई म्हणाली, राहू दे, तूप खातेस ना. एकदा पोरीनं तोंडानं मागितलं, आई, शेवग्याची भाजी कर ना. आईनं सांगितलं, कुणी आलं तर काय दिसेल? आणि तोच पाला ती शेजारणीला फुकट तोडून द्यायची.

शालन पांढरी पडत चालली. शेजारणी काय म्हणाल्या असतील? म्हणाल्या, माहेर मानवलं पोरीला, गोरी झाली! गोरी! — आणि आई खूश झाली हो.

कळा लागल्या. दवाखान्यात मुलगी झाली. पण रक्त थांबेना. अंगात मुळात होतंच किती? बाहेरून रक्त येईपर्यंत शालन गेली.

पारूबाई धावत आल्या. गिरजाबाई भिंतीला टेकून बसलेली. तिनं हात जोडले.

"बाई, तुम्ही बोललात तेव्हापासून पाला नाही घातला हो तिला. तूपभात घातला."

पारूबाई तिच्याशेजारी बसल्या. तिचे जोडलेले हात त्यांनी खाली घेतले.

"माझी तिन्ही बाळंतपणं त्याच पाल्यावर झाली, गिरजाबाई. बायका बघत होत्या म्हणून बोलले मी."

ऐकलंत? दोघींच्या चुलीवर तोच पाला, दोघींना लाज त्याचीच, आणि मधल्या मधे पोर गेली! ती तान्ही आता पारूबाईंकडे वाढतेय. दोन आज्या आहेत, आई नाही. मी देवाला विचारतो, बाबा रे, यात तुझं काय अडलं होतं? पण पाला त्यानं थोडाच बंद केला होता?

मृदंगवाले, थांबा. आज गजर नको. मंडळी, हे आख्यान मी गावोगाव सांगतो. गावोगाव बाया पदरानं डोळे पुसतात, बाप्ये खाली बघतात. आणि मग उठून पंगतीला बसतात, आणि शेजारच्याच्या पानात काय वाढलंय ते बघतात. मी समोरच असतो, मला दिसतं सगळं. चला, पानं मांडली आहेत.