बुआलोयचा आवाज

सोंगखला शहरातल्या दवाखान्यात, घशाच्या डॉक्टरांच्या दाराबाहेर लमुन नावाच्या एका अनोळखी तरुणीशेजारी बुआलोय बसली होती. घोगऱ्या आवाजात ती पलीकडे बसलेल्या नवऱ्याशी अखंड बोलत होती.

"मावशी, घशाला जरा विसावा द्या की," लमुन म्हणाली.

"गप्प बसले की हे घाबरतात, बाई. होडीवर डोक्याला मार बसला, तेव्हापासून यांना चेहरेच ओळखू येत नाहीत. माझा आवाज तेवढा कळतो."

"मग यांना दाखवायला आणलंय?"

"नाही, नंबर माझा आहे. घशात गाठ आहे. ऑपरेशन केलं तर आवाज जाईल म्हणतात."

"यांना ठाऊक आहे?"

"सांगितलं. तर म्हणाले, मग आत्ताच बोलून घे."

तिला आत बोलावलं. बाहेर आली तेव्हा रडण्यानं तिला शब्द फुटेना. ती नवऱ्यासमोर येऊन उभी राहिली.

त्यानं पाय आवरून घेतले.

"बसा बाई. जागा माझ्या बायकोची आहे, पण ती आत गेलीये."