पाच गोळ्यांचं अंतर

मोंटानातल्या बंदुकीच्या दुकानात रांग होती. यंदाच्या वसंतात वारलेल्या बाबांचं जुनं मॅग्नम रिव्हॉल्व्हर विकायला मर्ना आली होती. ते आता शिकारीला चालेल, असं तिला वाटत नव्हतं. पुढे उभ्या असलेल्या म्हाताऱ्या जोडप्याकडेही तसलंच होतं.

"वेंडल, याने एल्कसारखं धूड पडायचं नाही."

"मी हरणाचं बोलतोय, ओपल."

"हरीण जवळ येऊ देईल तुला? गुडघे केवढे करकरतात!"

"आणि तुझी बडबड?"

"ते सोड. रिव्हॉल्व्हरच्या घोड्यासमोरचं गोळीचं घर रिकामं ठेवतोस ना? जुनं आहे, हातातून पडलं तर गोळी उडेल."

"सहा घरांत पाचच भरतो. सहावीची गरज पडली तर फार लांबून मारलंस, म्हणायचे तुझे बाबा."

"बरोबरच म्हणायचे. तेवढं जवळ गेलं, तर हरणाला हे भरपूर आहे."

"आणि करकर?"

"गुडघे घेऊन तू गाडीत बस. मी जाते."

मर्नाला हसू आवरेना. तिचा नंबर आला.

"तुम्हाला विकायचंय ना?" दुकानदाराने विचारलं.

"नाही, गोळ्या द्या. भरायच्या पाचच आहेत, पण डबा अख्खा द्या."