दाजी मागं झाकले गेले
चिटगुप्प्यात नेटकॅफे नवा होता तवाची गोष्ट. दाजी दुबईला. अक्का तान्ही लेक त्यांना कॅमेऱ्यावर पहिल्यांदा दाखवायला आलेली, सोबत मी. पडद्यावर दाजींचा चेहरा आला, तेवढ्यात बाळाचा पाय माऊसवर आपटला. चेहरा गायब, समोर पत्त्यांचा खेळ.

अक्कानं हेडफोन काढून ठेवला. "गेले की रे. लेक बघितलीच न्हाई त्यांनी," म्हणत रडायलाच लागली.

कॅफेवाले अण्णा उठून आले. "कुठं जात न्हाईत अक्का. पत्त्यांच्या मागं झाकलेत." त्यांनी खालच्या पट्टीवर क्लिक केलं, तशी दाजींची खिडकी पुढं आली. दाजी डोळे पुसत होते.

मी हेडफोन पुन्हा अक्काच्या कानाला लावला. मलाबी ऐकू येईल एवढ्या मोठ्यानं दाजी विचारत होते, "मला तर लेक कवाची दिसायलीय. तू कामून रडायलीस?"