काडेपेटी मागणारा काका

नाही नाही, आधी चहा घ्या. नकार मी नंतर देणारच आहे, तो कुठे पळून जात नाही — तुम्ही एवढ्या लांब अंधेरीहून बोरिवलीला माझ्या दुकानात आलात, निहारने पाठवलं म्हणून आलात, तुमची कंपनी त्याचा कार्यक्रम चित्रित करणार आणि शेवटाला मला स्टेजवर आणणार, ‘हेच बरं का ते काडेपेटी मागणारे काका’ — बरोबर बोललो ना? ऋता नाव सांगितलंत. बसा ऋताताई, इथे गादीवरच बसा, खुर्ची मी ठेवतच नाही. खुर्चीवरचं गिऱ्हाईक झटकन उठतं, गादीवर मांडी घालून बसलं की उठायला त्याला कारण लागतं — हे मला कुठल्या कॉलेजने शिकवलं नाही, कॉलेज मी बाहेरूनच बघितलंय. आता तुम्ही विचारलंत, हा निहार लोकांना एवढं हसवतो कसा. मला विचारता? बरोबर माणसाला विचारताय.

बाकीचे उभे राहून बोलतात, हा बसतो. इथूनच सुरुवात. पांढरी चादर अंथरतो, शेजारी कापडाचं थान, आणि समोर बसलेल्यांना कापड विकायला लागतो. शिवी नाही, पुढाऱ्यांची नक्कल नाही, बायकोवरचे विनोद नाहीत — लग्नच कुठे झालंय त्याचं — आणि तोंडावर हसू म्हणाल तर औषधालाही नाही. लोक पहिल्यांदा एकमेकांकडे बघतात, तिकीट चुकीचं काढलं की काय. हा आपला कापडाचा पोत दाखवतोय, पन्हा किती रुंद ते सांगतोय, पाण्यात आटेल किती ते सांगतोय. मग भाव सांगतो आणि गप्प बसतो. नुसता बघत बसतो. आणि त्या गप्प बसण्यात कुठेतरी मागे एकाला हसू फुटतं, की झालं, सगळं सभागृह गेलं समजा. ती चूप बसण्याची गोष्ट माझी आहे. भाव सांगितला की तोंड बंद, पुढे जो बोलला तो उतरला — मी शिकवलं त्याला. माझ्या बायकोच्या सख्ख्या बहिणीचा मुलगा तो. इंजिनियरिंग अर्धं सोडलं, बाप घरात बोलेना, तर सुहासिनी म्हणाली, त्याला दुकानात बसू दे. बसला. तिच्या डब्यातला अर्धा डबा त्याचा.

एकदा काय झालं — गोराईची सखुबाई, कोळीण, बाजारात मासळी घेऊन बसायची, ती लुगडं घ्यायला आली. मी भाव सांगितला, गप्प बसलो. तिने ऐकला, तीही गप्प. मी तिच्याकडे बघतोय, ती पंख्याकडे. दोन गिऱ्हाइकं आली, गेली, आम्ही दोघं तसेच. तेवढ्यात सुहासिनी डबा घेऊन आली, आमच्याकडे बघितलं न् म्हणाली, “भांडण चालू दे तुमचं, मी निहारला वाढते.” अहो, भांडण कसलं, आम्ही तोंड उघडलं नव्हतं. निहार हसता हसता थानांवर आडवा झाला. आणि सखुबाईच हरली बरं का — म्हणजे पहिली ती बोलली — पण काय बोलली? “वयनी, मना पन वाढ गो.” जेवून, लुगडं तिला हव्या त्या भावात घेऊन गेली. आता ही गोष्ट त्याने स्टेजवर सांगितली, मला आनंदच झाला. घे ना, तुझंच आहे.

तर आपण काडेपेटीवर येऊ. कापड सुती आहे का मिलावटी, ते ओळखायचं कसं? एक धागा काढायचा, जाळायचा. सुती असेल तर कागदासारखा जळतो, राख होते. पॉलिएस्टर असेल तर वितळून कडक गोळी बनते. साधी गोष्ट. पण मला खोड आहे, जाईन तिथे कापड बोटात घेतो, धागा ओढतो. निहारच्या कार्यक्रमातला काका काय करतो, शिंप्याकडे गेला, काडेपेटी मागतो. लोक हसतात. लग्नात नवरीचा शालू बोटात धरतो, काडेपेटी मागतो. आणखी हसतात — मीही हसत होतो, त्या अंधेरीच्या हॉलमध्ये, पहिल्या रांगेत, शेजारच्या स्टेशनरीवाल्या देवदत्तला सोबत घेऊन गेलो होतो, त्याला कोपराने ढोसत होतो की हा मीच बरं का, माझाच आवाज काढतोय. मग निहार म्हणाला, काकांची बायको गेली. काका तिरडीचं सामान घ्यायला गेले. दुकानदाराने हिरवी साडी पुढे टाकली, काकांनी बोटात धरली, धागा ओढला, आणि काडेपेटी मागितली. आणि दुकानदार म्हणाला, “अहो काका, तासाभराने कळेलच की.”

हसलात. — नाही, हसलात, मी बघितलं. लाजू नका, मीही हसलो. दोनदा हसून तोंड उघडंच होतं ना, तिसऱ्यांदा ते आपोआप हसतं, हेच तर त्याचं कसब. देवदत्तने माझ्या गुडघ्यावर हात ठेवला तेव्हा मला कळलं मी कशाला हसतोय. माझ्या बायकोच्या प्रेताला. आजूबाजूला सगळी पोरं डोळ्यांतून पाणी काढून हसतायत, आणि माझा आवाज त्यात सगळ्यांत मोठा होता ताई.

तो दुकानदार असं काही बोललाच नव्हता. त्याने मुकाट्याने काडेपेटी दिली. चांगला माणूस होता. आता तुम्ही म्हणाल, मग तुम्ही धागा ओढलात कशाला, ही काय वेळ होती. सांगतो. सवाष्ण गेली की कोरी हिरवी साडी नेसवतात, ती त्या सामानातच येते, आणि ती सुती कधीच नसते. सुहासिनीची कातडी शेवटच्या आजारातल्या औषधांनी अशी झाली होती की नायलॉनचा नुसता स्पर्श झाला तरी चट्टे उठायचे. इस्पितळाचा गाऊन चालेना, मी दुकानातलं जुनं मऊ मलमल काढून गाऊन शिवून घेतले. एका दुपारी मला म्हणाली, “हे झोंबणारं माझ्या अंगाला आता पुन्हा लावू नका हं.” एवढंच. आता — पुन्हा — लावू नका. तर माझ्या डोक्यात दुसरं काहीच नव्हतं. धागा जाळला, गोळी झाली. मी तिथेच फळीवर बसलो. अख्खं आयुष्य सुती कापड विकलं आणि तिची साडी विसरून आलो, बघा. तर सोबत आलेल्या निहारने माझ्या खिशातून दुकानाची किल्ली काढली, पळत इथे आला, त्या कपाटातून हिरवी सुती काढली आणि पळत परत. तोच. तिच्या अंगावर शेवटची साडी त्याच्या हातची आहे.

म्हणजे बघा, त्याला सगळं माहीत. मी महिनाभर हाच विचार करतोय, एवढा हसवतो कसा. तर काय गाळायचं ते त्याला कळतं. चट्टे गाळले, मलमल गाळलं, तिचं बोलणं गाळलं, स्वतःचं धावणंसुद्धा गाळलं. उरला काय, एक चिकट म्हातारा आणि एक काडेपेटी. आता गिऱ्हाईक येतं, मी कापड हातात घेतो, तर ते गालात हसतं. परवा एक मुलगी म्हणाली, काका, काडेपेटी देऊ? माझी बोटं थानावरून मागे आली. आणि तरी मी त्याला एक शब्द बोललो नाही, मनात म्हटलं, मुलगा आहे, पोट आहे त्याचं, आणि एवढी तरी लाज ठेवली की तिचं ते शेवटचं बोलणं बाजारात नाही नेलं. तेवढं आमच्या घरात ठेवलं. त्याच एका गोष्टीवर मी अजून त्याच्या आईशी फोनवर नीट बोलतो.

डोळे पुसा, पुसा. तुमचा काय दोष.

— काय म्हणालात? नाही, पुन्हा सांगा. — शेवटाला? — हे असं, की आधी काडेपेटी, लोक हसले, मग दिवे कमी करायचे, मग तो ते मलमलचं आणि तिचं वाक्य सांगणार, आणि मग मी आत यायचं. हातात हिरवी साडी घेऊन. — म्हणजे ते तुम्हाला आधीच माहीत होतं. मी सांगत होतो तेव्हा तुम्हाला माहीत होतं. — त्याने लिहूनही ठेवलंय? चांगलं झालंय म्हणता.

म्हणजे गाळलं नव्हतं. राखून ठेवलं होतं.

नाही, निरोप काही नाही. उठा ताई. दुकान बंद झालं. — हो, आत्ताच झालं.